गाडीच्या नाडीवरचं बोट: लोखंडी बंपर आणि एअरबॅग

मित्राने गाडी बघायला बोलावलं तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. फोर-बाय-फोर गाडी. कंपनीचा प्लॅस्टिकचा बंपर काढून तिथे जाड पत्र्याचा, काळ्या पावडर कोटिंगचा नवा बंपर बसवलेला. मध्ये विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र, दोन्ही बाजूंना ओढायचे लाल टो-हुक. दिसायला खरंच देखणा. मी सवयीने खाली वाकलो आणि बंपरच्या मागे टॉर्च मारला. तिथे काडेपेटीएवढा एक डबा वायरिंगला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून लोंबत ठेवला होता. त्याचं कनेक्टर पिवळं होतं. तो एअरबॅगचा पुढचा सेन्सर होता. मूळ बंपरच्या आतली आडवी पट्टी काढताना सेन्सरची बसायची जागाच गेली होती. वायर ओढली जाऊ नये म्हणून कारागिराने तो बांधून टाकला होता.

मित्र म्हणाला, "अरे, पण डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा तर लागत नाही. म्हणजे सगळं ठीकच आहे ना?"

ठीक नव्हतं. तो दिवा काय तपासतो आणि काय तपासत नाही, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. हौसेने गाडी सजवणाऱ्यांना ते कुणी सांगत नाही, आणि बंपर विकणाऱ्यांपैकी अनेकांना ते स्वतःलाही ठाऊक नसतं.

पहिला गैरसमज आधी दूर करू. बंपरमध्ये बटण असतं, ते दाबलं गेलं की एअरबॅग उघडते, असं अनेकांना वाटतं. तसं बटण कुठेच नसतं. निर्णय घेणारी पेटी बहुतेक गाड्यांमध्ये गिअरच्या दांड्याच्या आसपास, दोन सीटांच्या मध्ये जमिनीला घट्ट बोल्ट केलेली असते. तिच्यात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा असतो. गाडीचा वेग अचानक घटला की तो किंचित हलतो, आणि त्यावरून गाडी किती झपाट्याने थांबते आहे हे पेटीला कळतं. अनेक गाड्यांमध्ये याशिवाय रेडिएटरच्या चौकटीवर किंवा बंपरमागच्या पट्टीवर एक-दोन पुढचे सेन्सर असतात. धडकेची पहिली खबर तेच देतात.

आता खरी मेख. पेटी फक्त "धक्का जोरात बसला का" एवढंच बघत नाही. तसं असतं तर खड्ड्यात गाडी आपटली तरी एअरबॅग उघडली असती. ती धक्क्याचा आकार बघते: वेग कसा घटला, आधी हळू मग जोरात की एकदम, किती वेळ. कारखान्यात नवं मॉडेल तयार होताना त्याच्या अनेक गाड्या भिंतीवर, खांबावर, तिरक्या अडथळ्यावर आदळवतात, बाकीच्या धडका संगणकावर करून बघतात. प्रत्येक धडकेचा आलेख नोंदवला जातो. त्याचबरोबर खड्डे, दगड, फुटपाथची कड, खडबडीत रस्ता यांचेही आलेख घेतात, कारण तिथे एअरबॅग उघडायची नसते. या सगळ्यावरून पेटीला शिकवलं जातं की अशी नोंद आली तर उघड, तशी आली तर गप्प राहा. या आलेखाला इंजिनिअर क्रॅश पल्स म्हणतात, म्हणजे शब्दशः नाडीच. पेटी हा असा वैद्य आहे, ज्याचा हात एकाच रोग्याच्या नाडीवर बसलेला आहे. त्या एका मॉडेलची, कारखान्यातून निघाली तशी गाडी, हाच तिचा रोगी. गाडीचं नाक बदललं की नाडी बदलते. वैद्याला मात्र ते कुणी सांगितलेलं नसतं.

यात वेळ किती असतो ते बघा. पापणी लवायला शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळली, तर साधारण पहिल्या १५ ते २० मिलिसेकंदांत पेटीला निर्णय घ्यावा लागतो. पिशवी पूर्ण फुगायला आणखी सुमारे ३० मिलिसेकंद लागतात. या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: माणसाचं शरीर पाच इंच पुढे सरकेल त्या क्षणाच्या किमान ३० मिलिसेकंद आधी पिशवी फुगवणारी ठिणगी पडली पाहिजे. म्हणजे तोंड पिशवीपर्यंत पोचेल तेव्हा ती फुगून तयार असेल, आणि मग मागच्या भोकांतून हवा सोडत हळूहळू बसेल. एअरबॅगची मऊ मांडी मिळते ती या वेळेमुळे.

उशीर झाला तर काय होतं? पिशवी साधारण ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने बाहेर येते. फुगून झालेली पिशवी उशी असते, फुगत असलेली पिशवी ठोसा असते. छाती आणि स्टिअरिंगच्या मधल्या भागात किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा असं सांगतात ते याचसाठी. पेटीने २० मिलिसेकंद उशिरा निर्णय घेतला तर तेवढ्यात चालक पुढे आलेला असतो, आणि जी वस्तू त्याला वाचवायला ठेवली होती तीच त्याच्या तोंडावर फुटते.

आता गाडीच्या नाकाकडे येऊ. नाक मुद्दाम मऊ केलेलं असतं. मर्सिडीजच्या बेला बारेनीने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना मांडली आणि तिचं पेटंट घेतलं: माणसं बसतात तो मधला भाग कणखर ठेवा, पुढचा आणि मागचा भाग चुरगळू द्या. त्याआधी गाडी जितकी टणक तितकी चांगली, असाच समज होता. आपल्याकडे तो अजून गेलेला नाही. "पत्रा बघ, काय मजबूत आहे!" असं म्हणत बोनेटवर थाप मारणारे काका प्रत्येक गल्लीत आहेत.

थोडं गणित करू, कारण ते डोळे उघडतं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. धडकेत नाक ६० सेंटिमीटर चुरगळलं तर गाडी थांबायला सुमारे ८६ मिलिसेकंद लागतात, आणि सरासरी मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, येतं १६ जी, गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट. म्हणजे ७० किलोच्या माणसाला धरून ठेवणाऱ्या सीटबेल्टवर ढोबळमानाने साडेअकराशे किलोचा भार. आता पुढे असं लोखंडी गार्ड, म्हणजे जाड बंपर किंवा पाइप, बसवलं की नाक ४० सेंटिमीटरच चुरगळलं. तीच गाडी, तोच वेग, तीच भिंत. वेळ उरला ५८ मिलिसेकंद, मंदन गेलं जवळपास २५ जीवर आणि भार सतराशे किलोच्या वर. गार्डने गाडीचा पत्रा वाचवला, आणि तो भार बरगड्यांनी सोसला.

लॅडर फ्रेमच्या गाड्यांमध्ये, म्हणजे थार, जिमनी अशा वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) असलेल्या गाड्यांमध्ये, ही गोष्ट आणखी नाजूक आहे. चासीच्या दोन लांब दांड्या मुळातच कणखर असतात. त्यांच्या पुढच्या टोकाला धडक शोषणारा भाग ठेवलेला असतो. तो आधी चुरगळावा आणि मग दांड्यांवर भार यावा, असा हिशेब असतो. बाजारातला जाड बंपर बहुतेक वेळा सरळ या दांड्यांच्या टोकाला बोल्ट होतो. मध्ये चुरगळायला जागा उरत नाही. विंच बसवला असेल तर उरलेल्या मोकळ्या जागेतही लोखंड येतं.

मग एअरबॅग उघडते की नाही? इथे लोक दोन टोकांना जातात. काही जण सांगतात, गार्ड लावलं की एअरबॅग उघडतच नाही. काही जण म्हणतात, काहीही फरक पडत नाही. खरं उत्तर अवघड आहे, कारण फरक कोणत्या दिशेने पडेल हे धडकेवर अवलंबून असतं.

सरळ भिंतीवर आदळलात तर कडक बंपर धक्का एकदम चासीत पाठवतो. आलेख उभा चढतो, आणि मूळ गाडीत जिथे एअरबॅगची गरज नव्हती अशा कमी वेगातही ती उघडू शकते. आता खांबाची धडक घ्या. विजेचा खांब किंवा झाड बरोबर मध्यावर आलं, तर मूळ गाडीत ते दोन दांड्यांच्या मधून आत शिरतं. मागच्या पेटीला सुरुवातीला फारसं काही जाणवत नाही. पुढचा सेन्सर ठेवतात तो अशाच वेळेसाठी: पट्टी आत दबताच तो बोंब मारतो. त्या पट्टीच्या जागी जाड आडवा पाइप असला की भार दोन्ही दांड्यांवर वाटला जातो, सेन्सरची पहिली खबर वेगळी येते किंवा येतच नाही. तिरक्या धडकेत बंपरचा एक कोपरा तरफेसारखा काम करतो. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीखाली गाडी घुसते, तेव्हा धडक बंपरच्या वरून बोनेटला लागते. तिथे मूळ गाडीच्या पेटीलाही निर्णय कठीण जातो. त्यात अनोळखी लोखंडाची भर पडली तर काय होईल, हे त्या गाडीवर तोच बंपर लावून धडक दिल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. दुकानदाराला तर नाहीच.

ऑफ-रोड जाणाऱ्यांना नको तेव्हा उघडण्याचा धोका अधिक कळायला हवा. घाटाच्या जुन्या वाटेवर, ओढ्याच्या काठावर, गाडी तिरकी उभी असताना बंपर खडकावर आपटला आणि एअरबॅग उघडली, तर दोन सेकंद समोरचं काही दिसत नाही, हात स्टिअरिंगवरून उडतात, कान बधिर होतात. बाजूला दरी असेल तर तेवढे दोन सेकंद फार होतात. सीटबेल्ट आवळणारी यंत्रणाही बहुधा त्याबरोबर सुटते, आणि तीही एकदाच कामाची असते. शिवाय पिशवी क्षणात रिकामी होते. पहिल्या लहान धक्क्याला उघडली आणि गाडी पुढे जाऊन खरोखर आदळली, तर त्या दुसऱ्या धडकेसाठी समोर काही उरत नाही.

गार्ड लावणारे सगळे हौशीच असतात असं नाही. रात्री म्हैस आडवी येते, गर्दीत रिक्षा घासून जाते, पार्किंगमध्ये कुणीतरी मागे घेताना ठोकतं. प्लॅस्टिकचा बंपर बदलायला हजारो रुपये लागतात. ही अडचण खरी आहे. पण ती पत्र्याची अडचण आहे. तिच्यावर उपाय म्हणून आपण माणसांच्या संरक्षणात हात घालतो आहोत, हे ध्यानात येत नाही.

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न आपल्याआधी आला. तिथे संध्याकाळी मोकळ्या हायवेवर कांगारू उडी मारून समोर येतो, आणि जवळच्या गॅरेजला शेकडो किलोमीटर जावं लागतं. म्हणून तिथे गार्ड रोजच्या वापरात आले. १९७५ साली मेलबर्नमध्ये सुरू झालेली एआरबी ही कंपनी याच धंद्यात वाढली. एअरबॅग आल्या तेव्हा तिथल्या चांगल्या कंपन्यांना कळलं की लोखंड जाड करून भागणार नाही. त्यांनी बंपर आणि चासी यांच्यामध्ये ठरावीक भाराला दुमडणारे ब्रॅकेट बसवले, आणि नवं नाक लावूनही नाडी जुन्यासारखी राहते का ते गाडीगणिक तपासलं. गार्डमुळे पायी चालणाऱ्यांना होणाऱ्या इजेसाठी तिथे २००२ साली वेगळं मानक निघालं. युरोपीय संघाने २००५ मध्ये याच विषयावर निर्देश काढला. पायी चालणाऱ्याची गोष्ट इथे मध्येच आली, पण ती मला सोडवत नाही: बोनेट आणि प्लॅस्टिकचा बंपर माणसाला लागला तर थोडा दबतो, लोखंडी पाइप दबत नाही, आणि त्याची उंची नेमकी लहान मुलाच्या छातीइतकी किंवा डोक्याइतकी असते.

"एअरबॅग कंपॅटिबल" हे शब्द आपल्याकडच्या दुकानांतही ऐकू येतात. तेव्हा एकच विचारा: माझ्या मॉडेलच्या, माझ्या वर्षाच्या गाडीवर हा बंपर लावून चाचणी झाली आहे का, आणि तिचा कागद दाखवता का? "आतापर्यंत कुणाची तक्रार आली नाही" हे त्याचं उत्तर नाही. धडक झालेल्या गाडीचा मालक तक्रार घेऊन बंपरच्या दुकानात येतोच असं नाही. परदेशी बंपर असेल तरी त्याची चाचणी परदेशी गाडीवर झालेली असते. दोन्ही गाड्यांचं नाव एक असलं तरी इंजिन, सेन्सरची जागा आणि पेटीतला प्रोग्रॅम वेगळा असू शकतो.

भारतात मात्र बोलणं इथे थांबत नाही, कारण रस्त्यावरच्या गाडीला गार्ड लावणं बेकायदा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुलबार लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं. त्याचा आधार होता मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा हाच अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. चौकात पकडलं जात नाही म्हणून लोक हे विसरतात. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी बघायला येतो तेव्हा ते आठवतं.

चालकाची एअरबॅग आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची त्यानंतर. म्हणजे जुन्या जीपांच्या काळात शिकलेली विद्या आजच्या गाडीवर चालत नाही. तेव्हा पुढे रेल्वेचा रूळ वेल्ड केला तरी आत बिघडायला एअरबॅगच नव्हती. अनुभवी कारागिरांचा हात मला मोलाचा वाटतो. पण त्यांच्या हाताने शिकलेली गाडी वेगळी होती.

आता मित्राच्या दिव्याकडे. गाडी चालू केली की पेटी आपल्या तारा तपासते: सेन्सर जोडलेला आहे का, तार तुटली आहे का, पिशवी पेटवणाऱ्या फ्यूजचा रोध बरोबर आहे का. सगळं जुळलं की दिवा विझतो. सेन्सर लोखंडाला घट्ट बसवला आहे की पट्टीने लोंबतो आहे, हे तिला कळत नाही. विजेच्या दृष्टीने तो धडधाकट, आणि धडकेच्या दृष्टीने आंधळा. सेन्सरवर दिशेचा बाण असतो, ठरावीक बोल्ट ठरावीक ताकदीने आवळायचा असतो. लोंबता सेन्सर गाडीला बसलेला धक्का न मोजता स्वतःचा झोका मोजेल.

पुढच्या भागात कुठलंही काम करायचं असेल तर बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटं थांबलं पाहिजे, कारण वीज गेली तरी पिशवी उडवता यावी म्हणून पेटीत थोडी साठवलेली असते. किती मिनिटं, ते त्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नये. चासीवर वेल्डिंग तर या सगळ्याशिवाय करूच नये.

आतली हौसही बघावी. सीटच्या कडेला एअरबॅग असलेल्या गाडीत घट्ट शिवलेलं सीट कव्हर तिची वाट अडवतं. आणि शेजारच्या डॅशबोर्डवर बाप्पाची मूर्ती चिकटवण्याची आपली रीत. श्रद्धा माझ्याही मनात आहे. पण एअरबॅगचं झाकण नेमकं त्या जागी उघडतं, आणि मूर्ती समोर बसलेल्याच्या तोंडाकडे उडते. बाप्पाला दुसरी जागा द्या.

ऑफ-रोडला जायचंच असेल तर गाडीच्या पोटाखाली संरक्षक पत्रा, चांगले टायर, कंपनीने दिलेल्या हुकातून ओढायची सवय आणि सोबत दुसरी गाडी, यावर मी पैसे घालेन. नाकाला हात लावणार नाही.

मित्राने त्याच आठवड्यात बंपर उतरवायचं ठरवलं. अडचण एकच होती: मूळ आडवी पट्टी दुकानात राहिली होती. आम्ही गेलो तेव्हा मागच्या अंगणात अशा पट्ट्यांचा ढीग पडला होता, किलोवर विकायला काढलेला. वेगवेगळ्या गाड्यांच्या, एकावर एक. तासभर उचकल्यावर त्याची पट्टी सापडली. तिच्या मधोमध सेन्सरचा ब्रॅकेट होता, आणि बोल्ट अजून त्यातच अडकलेला होता.